सिंकखालची चक्की

सटाण्यात श्रीमंतीची खूण बदलते आहे. पूर्वी डाळिंबाला भाव लागला की दारात ट्रॅक्टर यायचा. आता पोरगा अमेरिकेला गेला की आमच्या गल्लीतल्या आप्पांसारख्यांच्या सिंकखाली खरकटं दळायची चक्की येते. 1927 साली विस्कॉन्सिनातल्या जॉन हॅम्स नावाच्या वास्तुविशारदाने ती शोधली. बिचाऱ्याच्या दारात गाय नसावी.

चक्की चालू असेपर्यंत नळ सोडून ठेवायचा असतो. उन्हाळ्यात सटाणेकरांना ही अट सांगून बघा! शिवाय तिला कांद्याची सालं चालत नाहीत, आत अडकतात. आमच्या बागलाणात नांदायला यायचं आणि कांद्याचं वावडं!

तर आप्पांची ही चक्की गळू लागली आणि ओट्याखालचे बटाटे भिजले. लगेच गल्लीची समिती बसली. एकाने एम-सील सुचवलं, दुसऱ्याने सायकलच्या ट्यूबची पट्टी. निवृत्त गुरुजी म्हणाले, गळतीला उगाच नावं ठेवू नका. 1870-71च्या दुष्काळात याच गावच्या मामलेदारांनी, यशवंतराव महाराजांनी, सरकारी खजिना भुकेल्यांना वाटला. गावाने त्यांना देवमामलेदार म्हणून देवळात बसवलं. त्यानंतरच्या सरकारी गळत्यांना देऊळ का मिळालं नाही, हे विचारायचं धाडस कुणाला झालं नाही. समितीत दोन माजी पदाधिकारी होते.

शेवटी प्लंबर आला. वाकून बघत म्हणाला, "आप्पा, हाई काय शे?" पण माणूस हुशार. आधी प्लग काढला, जे समितीतल्या एकाही तज्ज्ञाला सुचलं नव्हतं. चक्की फडक्याने कोरडी केली, सिंकला बूच लावून पाणी भरलं, मग बूच काढून टॉर्च मारला. वर सिंकच्या जोडाशी ओल असती तर कडं काढून नव्याने बसवायचं. बाजूच्या पाइपाशी असती तर वायसर बदलायचा. थेंब पडत होता बुडातून. म्हणजे आतलं सील गेलं, मशीनच बदला. एम-सील हातात धरून बसलेल्या सभासदाचा चेहरा पडला.

आता सालं गाईला जातात, उरलेला ओला कचरा घंटागाडीला. चक्की जागेवरच आहे, कारण पोराला काय सांगणार? त्याचा व्हिडिओ कॉल आला की काकू आतल्या खोलीत रिकामा मिक्सर फिरवतात. "ऐकलंस? झकास चाललीय," आप्पा म्हणतात.