तहातलं कलम, गाळ्यातला कागद

31 डिसेंबर 1802. हडपसरला यशवंतराव होळकरांकडून मार खाल्लेला पेशवा दुसरा बाजीराव वसईत इंग्रजांच्या कागदावर सही करतो. ईस्ट इंडिया कंपनीची 6,000 फौज पदरी ठेवायची आणि तिच्या खर्चापोटी 26 लाखांचा मुलूख तोडून द्यायचा, एवढं शाळेत शिकवतात. त्याच तहातलं लवादाचं कलम फारसं कुणी सांगत नाही. निजाम आणि गायकवाड यांच्याशी पेशव्याचे जे तंटे होते, त्यांचा निवाडा कंपनीने करायचा, असं ते कलम. फौज तिची आणि न्यायनिवाडाही तिचाच!

असल्या कागदांवर वसईत आजही सह्या होतात. वालीव, सातिवली, गोखिवऱ्याच्या गाळ्यांत प्लास्टिकच्या वस्तू किंवा सुटे भाग बनवणारा माणूस पर्चेस ऑर्डरवरचा भाव, नग आणि तारीख बघतो. मागच्या पानावरचं बारीक इंग्रजी तसंच राहतं. तंटा झाला तर लवाद खरेदीदार नेमेल, असं तिथे लिहिलेलं असतं. माल परदेशी जाणार असेल तर लवाद अनेकदा सिंगापूरला नाहीतर लंडनला बसतो. चार लाखांच्या बिलासाठी सिंगापूरला कोण जाणार? बिल बुडतं आणि पगाराच्या तारखेला मालक तोंड लपवतो.

खरं तर देशातल्या व्यवहारात कायदा गाळेवाल्याच्या बाजूने भक्कम उभा आहे. 2006 च्या लघुउद्योग कायद्याने पैसे फार तर 45 दिवसांत मिळायला हवेत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढीने. निकालात ज्याचा स्वार्थ आहे, त्याने एकट्याने लवाद नेमू नये, असं सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये पर्किन्स ईस्टमन खटल्यात सांगितलं. करारात लवादाचं कलम असलं तरी लहान उद्योजक याच कायद्याखालच्या सुलभीकरण परिषदेकडे दाद मागू शकतो, हे 2022 मध्ये महाकाली फूड्सच्या निकालाने पक्कं केलं. मात्र त्या निकालाप्रमाणे उद्योगाची नोंदणी माल देण्याआधीची हवी. आधी माल पाठवला आणि नोंदणी नंतर केली, तर त्या मालापुरता हा हक्क गेला.

हे सगळं गाळेवाल्याला सांगायचं कुणी? मुंबईच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठात लवादावर संशोधन करणारं केंद्र आहे. मुंबई विद्यापीठाच्या ठाणे उपकेंद्रात व्यवस्थापन आणि कायदा एकत्र शिकवतात. तिथली मुलं हुशार आहेत. त्यांनी परदेशी निवाडे जरूर वाचावेत, पण वसईचा एक तरी करार हातात घेऊन वाचावा. माझ्या मते, ज्या केंद्राला आपल्या शेजारच्या औद्योगिक वसाहतीतला तंटा ठाऊक नाही, त्याचं संशोधन अर्धवट आहे.

आंतरराष्ट्रीय कायद्यासाठीही लांब जायला नको. गुजरातच्या बोटींवर खलाशी म्हणून गेलेले इथल्याच पालघर जिल्ह्यातले आदिवासी पाकिस्तानच्या तुरुंगात पडतात. संयुक्त राष्ट्रांच्या सागरी कायद्याचं 73 वं कलम म्हणतं की, अनन्य आर्थिक क्षेत्रातल्या मासेमारीच्या गुन्ह्याला, दोन देशांत तसा करार नसेल तर, तुरुंगवास देता येत नाही आणि जामिनावर बोट व खलाशी लवकर सोडायचे. भारत आणि पाकिस्तान दोघांनीही हा करार मान्य केला आहे. प्रत्येक खलाशाला कुठल्या पाण्यात पकडलं, यावर हे कलम लागू पडतं की नाही ते ठरतं; त्याची नोंद ठेवून त्याचा अभ्यास करणं, हे काम कुठल्याही विद्यापीठाला शोभेल.

म्हणून मागणी साधी आहे. विद्यापीठांनी वालीवला एक भाड्याचा गाळा घ्यावा. आठवड्यातले दोन दिवस एक प्राध्यापक आणि चार विद्यार्थी तिथे बसावेत. मराठी आणि हिंदीतून करार समजावून द्यावेत आणि त्याच तंट्यांवर प्रबंध लिहावेत. आणि गाळेवाल्यांनो, तोवर तुम्ही एवढं करा: पुढच्या ऑर्डरवर सही करण्याआधी कागद उलटा, मागचं पान कुणाकडून तरी वाचून घ्या आणि लवादाचं गाव कुठलं लिहिलंय ते बघा.