हिशेब द्या, मग मत मागा

मुंबईत मतदान झालं की दुसऱ्या दिवशीची बातमी ठरलेली असते. टक्का घसरला, तरुण फिरकले नाहीत. 2024 च्या लोकसभेला दक्षिण मुंबईत जेमतेम निम्मे मतदार बाहेर पडले, तेव्हाही बोलणी तरुणांनीच खाल्ली. यांना देशाचं काही पडलेलं नाही म्हणे. या आरोपाची मला चीड येते.

2000 साली परळला जन्मलेला मुलगा घ्या. अठरा पूर्ण झाली आणि 2019 ला त्याने विधानसभेसाठी पहिलं मत दिलं. महिनाभर सरकारच बनेना. मग पहाटेचा शपथविधी झाला आणि त्यानंतर पाच दिवसांत दुसराच मुख्यमंत्री आला. 2022 ला शिवसेना फुटली, 2023 ला राष्ट्रवादी. त्या पाच वर्षांत राज्यातला प्रत्येक मोठा पक्ष कधी ना कधी सत्तेत बसून आला. ज्याला पाडायला मत दिलं, त्याच्याच मांडीला मांडी लावून आपला माणूस बसलेला या मुलाने पाहिला. पंचविशीच्या आत. त्याला निष्ठा शिकवायचा अधिकार कुणाला उरलाय?

महापालिकेचं तर विचारूच नका. 2017 ला मतदान झालं तेव्हा तो शाळेत होता. मुदत मार्च 2022 ला संपली, निवडणूक झालीच नाही. जवळजवळ चार वर्षं देशातल्या सर्वात श्रीमंत महापालिकेचा कारभार एका प्रशासकाच्या सहीवर चालला. चाळीत पाणी आलं नाही, गटार तुंबलं, तर लालबाग-परळच्या माणसाने एफ दक्षिण वॉर्डच्या ऑफिसात खेटे घालायचे. हक्काने ज्याची कॉलर धरावी असा नगरसेवकच नव्हता. 15 जानेवारी 2026 ला अखेर मतदान झालं, तोवर पोरगा पंचविशीला टेकला होता.

एवढ्या वर्षांनी आलेली ही निवडणूक. हिशेब मागायला हवे होते. पण नोव्हेंबर 2025 मध्ये, न्यूयॉर्कला झोहरान ममदानी महापौर म्हणून निवडून आल्या आल्या, भाजपचे मुंबई अध्यक्ष अमित साटम यांनी जाहीर केलं की मुंबईवर कुणी ‘खान’ लादू पाहिला तर खपवून घेणार नाही. मग सुरू झालं. महापौर मराठीच होणार. महापौर हिंदूच होणार. मी मराठी आहे, मराठी महापौर झाला तर मला आनंदच आहे. पण 1888 च्या कायद्याने या पालिकेचा कारभार आयुक्तांच्या हाती आहे, महापौर सभा चालवतो. ज्या खुर्चीत पाइप बदलायचाही अधिकार नाही, तिच्यावर कुठल्या धर्माचा माणूस बसेल याची भीती घालून तुम्ही पाण्याचा प्रश्न बाजूला सारलात.

आणि ज्यांना भीती वाटते त्यांनी 1942 आठवावं. त्या वर्षी हे शहर युसुफ मेहेरअलींना महापौर म्हणून निवडत होतं तेव्हा ते इंग्रजांच्या तुरुंगात होते. ‘सायमन गो बॅक’ ही घोषणा त्यांची. ‘क्विट इंडिया’ हे शब्दही त्यांनीच सुचवले असं मानतात. गिरगावातून चालत जाता येईल अशा गवालिया टँकवर ते शब्द देशाचे झाले.

गिरणगावाचीही आठवण पुसली गेली आहे. संयुक्त महाराष्ट्राच्या सभा ज्यांच्या आवाजाने पेटायच्या ते शाहीर अमर शेख, मूळचे बार्शीचे मेहबूब हुसेन पटेल. परळ-लालबागचे कामगार त्यांना ऐकायला रात्र रात्र बसत. त्यांचा धर्म कोणता, हे कुणी विचारलं नाही. त्याच परळच्या कामगार मैदानावर 29 जानेवारी 2023 ला शिवाजी पार्कहून निघालेला जनआक्रोश मोर्चा येऊन थांबला. मागण्या लव्ह जिहाद आणि धर्मांतराविरोधी कायद्याच्या. मुसलमानांकडून काही विकत घेऊ नका, अशी भाषणं झाली. कामगारांच्या नावाच्या मैदानावर, भाजीवाल्याच्या पोटावर पाय द्या म्हणून!

18 जानेवारी 1982 ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, अडीच लाख माणसं बाहेर पडली, पुढे गिरण्यांच्या जागी टॉवर उभे राहिले. घरासाठी अर्ज केलेले कामगार आणि वारस दीड लाखाहून जास्त आहेत. त्यांना आता मुंबईबाहेर शेलू आणि वांगणीला घरं दाखवतात. 9 जुलै 2025 ला ते आझाद मैदानात आले होते. आजोबा गेले, आता नातू अर्जाची पावती सांभाळतोय. त्याचं घर कोणा मुसलमानाने घेतलेलं नाही, हे त्याला चांगलं ठाऊक आहे.

धर्माच्या नावावर मत मागणं हा 1951 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याने भ्रष्ट मार्ग ठरतो. कलम 123. कायदा स्वच्छ आहे, मग अडलं कुठे? दादरमध्येच बघा. फेब्रुवारी 1990 मध्ये शिवाजी पार्कच्या सभेत शिवसेनेचे उमेदवार मनोहर जोशी म्हणाले, पहिलं हिंदू राज्य महाराष्ट्रात स्थापन होईल. उच्च न्यायालयाने त्यांची निवडणूक रद्द केली. सर्वोच्च न्यायालयाने 11 डिसेंबर 1995 ला ती वैध ठरवली. न्यायालय म्हणालं, ही फार तर आशा व्यक्त झाली. तोवर जोशी मुख्यमंत्री होऊन नऊ महिने झाले होते. त्याच दिवशी रमेश प्रभूंची विलेपार्ल्याची निवडणूक मात्र रद्दच राहिली. ती होती 1987 ची! त्या प्रचारातल्या भाषणांसाठी बाळासाहेब ठाकरेंचा मताधिकार सहा वर्षं गेला, पण तो आदेश निघायला 1999 उजाडलं.

ही दोन्ही प्रकरणं न्यायालयात पडून होती तेव्हाच डिसेंबर 1992 आणि जानेवारी 1993 मध्ये मुंबई जळली. श्रीकृष्ण आयोगाने 900 मृत्यू मोजले. मग 12 मार्चच्या स्फोटांत 257 गेले. दादरला प्लाझा सिनेमापाशीही बॉम्ब फुटला होता. निकाल वेळेत लागले असते तर हे टळलं असतं, असा दावा मी करत नाही. पण विष पेरणाऱ्याला लगेच किंमत मोजावी लागली असती, तर पुढच्याने माइक हातात घेताना दहादा विचार केला असता.

निवडणूक याचिका सहा महिन्यांत निकाली काढायचा प्रयत्न व्हावा, असं 1951 चा हाच लोकप्रतिनिधित्व कायदा सांगतो. तरुण मतदाराने आता याच गोष्टीवर अडून बसावं. उमेदवार चाळीत आला की घर, पाणी, भाडं विचारा. उत्तरात त्याने दुसऱ्याचा धर्म काढला तर मोबाइलवर टिपून ठेवा आणि निवडणूक आयोगाच्या सी-व्हिजिल ॲपवर पाठवा. आणि तो निवडून आला तर निकालापासून 45 दिवसांच्या आत उच्च न्यायालयात जा. लोकसभा-विधानसभेच्या निकालाविरुद्ध तिथे याचिका करायला हरलेला उमेदवार असावं लागत नाही, त्या मतदारसंघाचा मतदार असलं की पुरतं.