मोकळ्या मजल्याची बांधणी

नरिमन पॉइंटच्या भराव जमिनीवर १९७० च्या दशकात उभ्या राहिलेल्या एखाद्या मनोऱ्यातील मजल्याचे ‘सहयोगी कार्यालया’त, म्हणजे सर्वांनी एकाच दालनात बसून एकमेकांच्या कामात लक्ष घालावे अशा जागेत, रूपांतर करावयाचे ठरले की पहिला घाव प्लायवूडच्या पार्टिशनवर बसतो. वस्तुतः वास्तुविशारद ल कॉर्बुझिए यांनी १९२० च्या दशकात मांडलेल्या ‘मुक्त आराखड्या’नुसार, म्हणजे इमारतीचा भार खांबांनी पेलावा व भिंतींनी त्या कामातून निवृत्त व्हावे या तत्त्वानुसार, असा मजला जन्मतःच मोकळा असतो, त्यात केबिनी उगवतात त्या पुढे, बढत्यांच्या क्रमाने. केबिन भार पेलत नाही हे अभियंत्याला नकाशावरून कळते, परंतु तिच्यावर किती साहेबपण टेकले आहे हे नकाशात दाखविण्याची पद्धत नाही.

राडारोडा गोण्यांत भरून रात्री मालवाहू लिफ्टने उतरविला जातो. त्यानंतर फॉल्स सीलिंग, म्हणजे खऱ्या छताची अब्रू झाकण्यासाठी खाली टांगलेले दुसरे छत, निघते आणि आजवरच्या प्रत्येक भाडेकरूने मागे सोडलेल्या तारांचे जंजाळ दृष्टीस पडते. हे छत उघडेच ठेवण्याची हल्ली चाल आहे. मात्र उघडे छत स्वस्त पडेल ही मालकाची समजूत, वातानुकूलनाच्या नळ्या ओळीत आणून रंगविण्याचे अंदाजपत्रक हाती येईपर्यंतच टिकते.

मोकळ्या कार्यालयाच्या या हौसेचा इतिहासही फारसा धीर देणारा नाही. रॉबर्ट प्रॉप्स्ट यांनी १९६८ मध्ये हर्मन मिलर या फर्निचर कंपनीसाठी केलेल्या कार्यालयीन रचनेत कर्मचाऱ्यांना ऐसपैस वाटावे म्हणून आडोशांचा कोन १२० अंशांचा कल्पिला होता. कंपन्यांनी तो ९० अंशांवर आणून तेवढ्याच जागेत अधिक माणसे बसविली. बर्नस्टीन व टर्बन या संशोधकांच्या २०१८ मधील अभ्यासात तर, दोन बड्या कंपन्यांनी आडोसे काढल्यावर समोरासमोरचे बोलणे सुमारे ७० टक्क्यांनी घटून ईमेल वाढल्याचे आढळले.

तरीही नव्या मजल्यावर ‘हॉट डेस्क’, म्हणजे जो आधी येईल त्याचे टेबल, ही व्यवस्था उत्साहाने लागू होते आणि लोकलच्या प्रवासात मुरलेला कर्मचारीवर्ग पहिल्याच आठवड्यात तिच्यावर रुमाल टाकून तोडगा काढतो. समुद्राकडील खिडकीलगतच्या टेबलावर मात्र रुमालाचीही गरज भासत नाही. ते कोणाचेही नसल्याचे परिपत्रक साहेबांनी स्वतः, त्याच टेबलावर बसून, काढलेले असते.