दोन डेट्रॉइट आणि एक वर्धा

चेन्नईला भारताचं डेट्रॉइट म्हणतात. म्हणणाऱ्यांनी खरं डेट्रॉइट अलीकडे पाहिलं नसावं, पण ते असो. चेन्नईजवळच्या इरुंगाट्टुकोट्टैत ह्युंदाई 1998 पासून गाड्या काढते आहे, भोवती सुट्या भागांच्या कंपन्या दाटीनं उभ्या आहेत, आणि जिथे नटबोल्ट तिथे चाकण-भोसरीचा एक तरी इंजिनीअर, हा नियम तिथेही पाळला जातो. या मंडळींना विचारा, तुम्ही राहता त्या श्रीपेरुंबुदूरचा खासदार कोण? मोबाइल बाहेर येतो. खऱ्या डेट्रॉइटमधून कोण निवडून गेलं विचारा. मोबाइलची गरज नाही. ‘आपले श्री ठाणेदार!’

आपले म्हणजे चिकोडीत जन्मलेले, बेळगावात वाढलेले, रसायनशास्त्रात डॉक्टरेट करून अमेरिकेत धंदा उभा करणारे, तो बुडाल्यावर पुन्हा उभा करणारे. त्यांचं ‘ही श्रीची इच्छा’ मराठी घरांत भक्तिभावानं वाचलं गेलं. 2018 मध्ये ते मिशिगनच्या गव्हर्नरपदासाठी डेमोक्रॅटिक पक्षाच्या प्रायमरीत पुरोगामी म्हणून उतरले आणि तिसरे आले. 2022 मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या डेट्रॉइटमधल्या तेराव्या मतदारसंघात उतरले.

प्रायमरी म्हणजे पक्षाचा उमेदवार मतदारांनीच निवडायची फेरी; मिशिगनची प्रायमरी खुली असते. मतदाराला कुठल्या पक्षात नाव नोंदवावं लागत नाही. कुठल्या पक्षाचे उमेदवार निवडायचे ते त्यानं पडद्याआड ठरवायचं. डेमोक्रॅटिक बाजूला नऊ जण होते. शहर बहुसंख्य कृष्णवर्णीय, म्हणून तिथल्या पुढाऱ्यांनी आधीच एक समिती बसवली होती: बाबांनो, आपला एकच उमेदवार ठरवू, नाहीतर मतं फुटतील. समितीनं अ‍ॅडम हॉलियर यांचं नाव काढलं. इतरांनी समितीला लांबून नमस्कार केला आणि आपापला प्रचार चालू ठेवला. (महाविकास आघाडीच्या जागावाटपाच्या बैठकांना बसलेल्यांना यात नवल वाटणार नाही.) ठाणेदारांनी स्वतःच्या खिशातले लाखो डॉलर ओतले आणि 28 टक्के मतांवर बाजी मारली. जवळजवळ सत्तर वर्षांत पहिल्यांदा डेट्रॉइटला कृष्णवर्णीय खासदार उरला नाही. बहात्तर टक्क्यांना दुसराच कुणीतरी हवा होता, फक्त प्रत्येकाचा दुसरा वेगळा होता.

म्हणजे प्रायमरी हा फसलेला खेळ? थांबा. ठाणेदार डेमोक्रॅटिक सोशॅलिस्ट्स ऑफ अमेरिका या डाव्या संघटनेचे सदस्य होते. ऑक्टोबर 2023 मध्ये इस्रायलवर हमासचा हल्ला झाला आणि काही दिवसांतच त्यांनी ते सदस्यत्व सोडलं. एप्रिल 2025 मध्ये डोनावन मॅककिनी नावाचे आमदार त्यांच्याविरुद्ध उभे राहिले, पाठीशी जस्टिस डेमोक्रॅट्स हा डाव्यांचा गट. त्याच महिन्यात ठाणेदारांनी ट्रम्पवर महाभियोगाची सात कलमं दाखल केली. मे महिन्यात मतदानाची वेळ आली तेव्हा स्वपक्षीयच नाराज झाले आणि प्रस्तावावर मत मागायचं त्यांनी सोडून दिलं. कलमांचं काय व्हायचं ते झालं, पण खासदार डावीकडे सरकला की नाही? प्रायमरीतून माणूस चांगला निवडला जातो, असं डेट्रॉइट पाहून कुणी म्हणणार नाही. पण निवडून गेलेल्याला दर दोन वर्षांनी घाम फुटतो. माझ्या हिशेबी पुरोगामी मतदारानं तेवढ्यासाठी तरी प्रायमरी मागावी.

आता आपल्या डेट्रॉइटकडे या. श्रीपेरुंबुदूर हा 2024 मध्ये तमिळनाडूतला सर्वांत मोठा लोकसभा मतदारसंघ होता, 23 लाखांहून जास्त मतदारांचा. त्या वर्षी द्रमुक आघाडीत दोन्ही कम्युनिस्ट पक्षांना मिळून चार जागा मिळाल्या: मदुराई, दिंडुक्कल, तिरुप्पूर, नागपट्टिनम. मोटारी आणि फ्रिज बनवणारे कामगार जिथे हजारोंनी आहेत, मार्क्सवाद्यांच्या सीआयटीयू या कामगार संघटनेचा लाल झेंडा जिथे फाटकाबाहेर खरोखर दिसतो, ती जागा द्रमुकचे खजिनदार टी. आर. बालू यांना. वय तेव्हा 82. आमच्यापैकी कोण उभा राहील, हे फाटकाबाहेरच्यांना कुणी विचारलं नाही. त्यांनीही विचारलं नाही, कारण समोर भाजप आघाडी आणि अण्णाद्रमुक. मत फुटता कामा नये! फुटलं नाही. बालू 4 लाख 87 हजारांच्या मताधिक्यानं आले.

सप्टेंबरात जवळच्या सुंगुवारछत्रमला सॅमसंगचे हजाराहून जास्त कामगार संपावर गेले. पगाराचं गाऱ्हाणं होतंच, पण मुख्य मागणी एवढीच की आमची सीआयटीयूची संघटना मान्य करा. संप 37 दिवस चालला. सरकार द्रमुकचं, मार्क्सवादी त्याच आघाडीतले, आणि ऑक्टोबरात कामगारांना धरून मंडप उखडणारे पोलीसही त्याच सरकारचे. बोलणी करणाऱ्या मंत्र्यांत उद्योगमंत्री टी. आर. बी. राजा होते. बालूंचे चिरंजीव. वडिलांना मत देऊन पाच महिने झाले होते, आता मुलाला निवेदन द्यायचं. संघटनेची नोंदणी व्हायला पुढचा जानेवारी उजाडला. घाम फुटला तो फक्त मंडपात बसलेल्यांना.

यावर इथला पुरोगामी मराठी वाचक म्हणेल, मग आणा ना ती प्रायमरी आपल्याकडे! आणली होती. 2014 मध्ये राहुल गांधींनी काँग्रेसमध्ये काही मोजक्या मतदारसंघांत हा प्रयोग केला. वर्धा त्यांपैकी एक. मतदार कोण? पक्षाचे पदाधिकारी आणि त्यांच्याच गोतावळ्यातले. म्हणजे दार उघडलं, पण आतल्या खोलीचं. मुख्य लढत झाली ती तेव्हाचे खासदार दत्ता मेघे यांचे चिरंजीव सागर आणि काँग्रेस नेत्या प्रभा राव यांच्या कन्या चारुलता टोकस यांच्यात. घराणेशाही मोडायला काढलेल्या प्रयोगाचे अंतिम फेरीतले स्पर्धक हे. सागर मेघे जिंकले, मग खऱ्या निवडणुकीत भाजपच्या रामदास तडस यांनी त्यांना दोन लाखांहून जास्त मतांनी पाडलं. त्याच वर्षी मेघे कुटुंब भाजपात गेलं. पाच वर्षांनी तिकीट टोकसांना, त्याही हरल्या. तेव्हा प्रायमरीची कुणी आठवण काढली नाही. बडोद्यात तर गंमतच झाली. तिथे नरेंद्र रावत प्रायमरी रीतसर जिंकले, तोवर मोदींचं नाव जाहीर झालं, आणि रावतांना बाजूला होऊन मधुसूदन मिस्त्रींना जागा द्यावी लागली. कार्यकर्त्यांचा कौल दिल्लीच्या एका फोनपर्यंत टिकतो.

आता कल्पना करा, इरुंगाट्टुकोट्टैच्या फाटकासमोर खुली प्रायमरी भरली. संपाचा एखादा पुढारी उभा आहे, एखादे चिरंजीव उभे आहेत, पैसा घेऊन आलेला कुणी श्री उभा आहे. तोलायला मतदार हवेत. रात्रपाळीहून सुटलेला कंत्राटी पोरगा ओडिशाचा. त्याचं नाव गावच्या यादीत. पलीकडचा बिहारचा, त्याचंही. राहता राहिले आमचे इंजिनीअर. पुरोगामी आहेत, वाचलेले आहेत, कुठला उमेदवार खरा डावा आणि कुठला हंगामी, हे चहा थंड होईपर्यंत सांगू शकतात. नाव भोसरीच्या यादीत आहे. मतदानाच्या दिवशी जाणार होते, पण सुट्टी मिळाली नाही, आणि विमानाचं तिकीटही महाग होतं.