सज्ञान होईपर्यंत थांबा

आमचा गट मुक्त सॉफ्टवेअरचं मराठीकरण करतो. पगार कुणालाच नाही, त्यामुळे कामावरून काढण्याची धमकीही कुणाला देता येत नाही. गटाचं अधिकृत सोशल मीडिया खातं हवं, असं एका बैठकीत मी बोललो; आणि स्वयंसेवकांत जो बोलतो त्याच्याच गळ्यात काम पडतं. मलाही ते हवंच होतं. घरी चहात साखर किती घालायची यावरही माझं मत अधिकृत धरलं जात नाही.

खातं सुरू झालं. अनुयायी बहुतेक आम्हीच. मग कळलं की जन्मतारीख भरली की त्या दिवशी पानावर फुगे उडतात. वर्धापनदिनाला फुगे म्हणजे काय थाट! मी गटाची स्थापना-तारीख भरली. गटाचं वय तेव्हा ५ वर्षं. क्षणात खातं कुलूपबंद. १३ वर्षांखालच्यांना तिथे प्रवेश नाही. पालकांनी ओळखपत्र दाखवावं, असा निरोप आला.

आता पालक कोण? सातबाऱ्यावर अज्ञान वारसापुढे अ.पा.क. (अज्ञान पालन कर्ता) म्हणून कुणाचं तरी नाव लावतात, तसं माझं लावा, म्हटलं. त्यावर गदारोळ. "मुक्त सॉफ्टवेअरला मालक नसतो, हा पालक व्हायला निघालाय!" मतदान घेऊ म्हणावं तर एकाने सुचवलं, डेबियन या मुक्त संगणक प्रणालीच्या प्रकल्पासारखं, पसंतीक्रमाच्या कॉन्डोर्से पद्धतीने घेऊ. ती पद्धत समजावून सांगण्यात बैठक संपली.

डेबियनवाल्यांचं वय आडवं आलं नसतं म्हणा. इयान मर्डॉकने तो प्रकल्प १६ ऑगस्ट १९९३ला जाहीर केला, म्हणजे ही सगळी माध्यमं त्यांच्यापुढे पोरं! पण त्यांची खरी हुशारी वेगळीच आहे. त्यांच्या प्रसिद्धी चमूची चिमूटभर बातमीसुद्धा आधी सामाईक गिट कोठारात, म्हणजे प्रती जपणाऱ्या साठ्यात, जाते, स्वतःच्या संकेतस्थळावर लागते आणि मग बाहेर फिरते. त्यामुळे फेब्रुवारी २०२५मध्ये त्यांनी एक्सवर लिहिणं बंद केल्याचं जाहीर केलं, तेव्हा बातम्यांचं काही अडलं नाही. आमच्या बातम्या थेट त्या एका खात्यात जन्मल्या आणि तिथेच कोंडल्या गेल्या. प्रती ठेवायचं कुणाला सुचलंच नव्हतं. 'कुणाला' म्हणजे अधिकृत प्रवक्त्याला.

शेवटी कुणाला न विचारता मी माझं पॅनकार्ड पाठवलं. उत्तर आलं : कार्डावरचं नाव खात्याच्या नावाशी जुळत नाही. बायको म्हणाली, "अहो, सज्ञान होईपर्यंत थांबा की!" गटाबद्दल म्हणाली की माझ्याबद्दल, ते मी विचारलं नाही.

खातं अजून बंद आहे. अनुवादाचं काम मात्र जोरात चालू आहे आणि मराठीत यायच्या वाक्यांचा ढीग पडलाय. सवड असेल तर जरूर या. आमच्याकडे जन्मतारीख विचारत नाहीत.