हयात

नोव्हेंबर लागला की आपण अजून आहोत हे सांगायला अप्पा बँकेत जातात. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन, पिशवीत पेन्शनच्या पीपीओची झेरॉक्स आणि त्या झेरॉक्सची झेरॉक्स. पोस्टात उभा जन्म काढलेला माणूस. कागद कुठे गहाळ होतात हे त्यांना आतून माहीत. खरं तर ऐंशी पार केलेल्यांना हयातीचा दाखला १ ऑक्टोबरपासूनच देता येतो, पण अप्पांना ती घाई अशुभ वाटते.

यंदा मी हट्टाला पेटलो. म्हटलं, ‘‘अप्पा, २०१४ पासून जीवन प्रमाण आहे. घरबसल्या होतं. आता तर अंगठाही नको, नुसता चेहरा पुरतो.’’

‘‘चेहरा काय, तिरडीवरही असतो.’’

‘‘म्हणून तर डोळे मिचकवायला सांगतात!’’

दोन अ‍ॅपं उतरवली. पहिल्याच पायरीवर फोनने ऑपरेटर म्हणून माझा चेहरा आणि माझा आधार मागितला. बाप जिवंत ठरण्याआधी मुलगा खरा ठरायला हवा, हे मला पटलं. मग अप्पांना ट्यूबलाइटखाली बसवलं. पण फोटो म्हटला की डोळे टक्क उघडे ठेवायचे, ही त्यांची स्टुडिओच्या काळातली शिस्त. फोन म्हणतोय मिचकवा, मी म्हणतोय मिचकवा, अप्पा पासपोर्टच्या फोटोसारखे बसलेले.

‘‘या वयात डोळे मारायला लावतोस?’’

तीन वेळा सरकारने त्यांना नाकारलं. चौथ्या वेळी आत आईने मिरचीची फोडणी टाकली. अप्पांचे डोळे झोंबले, मिटले, उघडले. सरकारची खात्री पटली. प्रमाण आयडीचा मेसेज आला तेव्हा ते अजून खोकत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा इस्त्रीचा शर्ट.

‘‘अहो, झालंय ना तुमचं?’’

‘‘माझं झालंय. बाकीच्यांचं कोण बघणार?’’ चपला घालता घालता ते म्हणाले, ‘‘पूर्वी रांगेत एखादा दिसला नाही, की त्याचा अर्थ एकच असायचा. तुमच्या या मोबाइलमुळे आता दोन झालेत.’’

दुपारी परतले ते घुश्श्यातच. रांगेत पोस्टातले सॉर्टिंगवाले काका दिसले नव्हते. पाणीही न घेता फोन लावला. रिंग वाजत राहिली, आई पदराचं टोक हातात धरून उभी. मग पलीकडून कुणीतरी बोललं. अप्पांनी दोन मिनिटं ऐकून घेतलं, फोन ठेवला आणि पंखा लावायला सांगितला.

‘‘जिवंत आहे मेला. ऑनलाइन झालाय.’’