माहितीस्तव

आमच्या ऑफिसात 'माहितीस्तव' बसतात. खरं नाव वेगळं आहे, पण ते फक्त पगाराच्या स्लिपवर. मेल कुणालाही असो, साहेब, साहेबांचे साहेब आणि अकाउंट्स यांना सीसीत घेतल्याशिवाय त्यांचं बोट 'सेंड'कडे वळत नाही. टाइपरायटरच्या काळात कार्बन घालून चार-पाच प्रती निघायच्या, शेवटची तर वाचताही यायची नाही. ईमेलनं हा अडसर काढून टाकला आणि माहितीस्तवांना रान मोकळं झालं.

परवा एसी फार गार झाला होता. रिमोट माझ्या टेबलावर, माहितीस्तव माझ्या मागच्याच खुर्चीत. 'अहो, जरा वाढवा की,' एवढं म्हणून भागलं असतं. त्यांनी मेल धाडला. विषय : 'अर्जंट – तापमानाबाबत'. मग 'कालच्या आपल्या चर्चेनुसार' (चर्चा म्हणजे काल ते दोनदा शिंकले होते) आणि शेवटी 'काइंडली डू द नीडफुल'. सीसीत नऊ जण. मी एसी चोवीसवर केला. त्यांनी रिप्लाय ऑल करून 'नोटेड विथ थँक्स' कळवलं. 'यात मला का घेतलंय?' असं अकाउंट्सनं विचारलं, तेही सगळ्यांना. 2016 साली ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेत एक टेस्ट मेल चुकून लाखो कर्मचाऱ्यांना गेला होता. 'मला यादीतून काढा' असं अनेकांनी सगळ्यांनाच कळवलं आणि यंत्रणा रखडली. मी मुद्दाम हा किस्सा त्यांना ऐकवला. ते म्हणाले, ''लेखी दिलं ना? मग बरोबर आहे.''

व्हॉट्सॲपवर अवतार वेगळा. तिथे सकाळी नुसतं 'हाय' येतं. आपण 'बोला' म्हणावं, तर पुढे सामसूम. रात्री सव्वादहाला 'जेंटल रिमाइंडर' येतं. कशाचं, ते अजून यायचं असतं. आपण वाचलं हे कुणाला कळू नये म्हणून त्यांनी निळ्या टिका बंद केल्यात. पण मग दुसऱ्यांच्याही दिसत नाहीत, म्हणून फोन करतात : ''मेसेज केलाय, पाहिलात का?'' ग्रुपवर कुणाचे सासरे गेल्याची बातमी आली, की बाकीचे हात जोडतात. यांचा अंगठा वर.

गेल्या मार्चात ऑडिटर आले. एका छपाईच्या बिलाला मंजुरी कुणी दिली, यावर साहेबांसकट सगळ्यांचं उत्तर एकच : 'तोंडी झालं होतं.' माहितीस्तवांनी शांतपणे मेल काढला. तारीख, वेळ, साहेबांचं 'ओके', आणि सीसीत आम्ही सगळे. एकानंही तो उघडला नव्हता.

तुमच्याकडे असं कुणी असेल, तर त्यांचे मेल वाचलेच पाहिजेत असं नाही. डिलीट मात्र करू नका.